अमेरिकेतली रीजनल एअरलाइन: सिनियॉरिटी, बेस बिड आणि रिझर्व्हचं पहिलं वर्ष

रीजनल एअरलाइनच्या (मोठ्या कंपन्यांसाठी छोट्या विमानांनी जवळच्या फेऱ्या करणाऱ्या कंपनीच्या) ट्रेनिंगमध्ये विमानाच्या हायड्रॉलिक्सवर दिवसच्या दिवस जातात. महिन्याचं बिड (कामाच्या वेळापत्रकासाठीची पसंतीची यादी) कसं भरायचं, रिझर्व्हवर (ठरलेली फेरी नसताना बोलावण्यासाठी राखीव) असताना फोन आला तर कोणतं गणित करायचं, बेस (ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ) कधी मागायचा, याला मात्र जेमतेम एखादी दुपार मिळते. नोकरीतले पहिले बारा महिने बरे जाणार की वाईट, हे बहुतांशी याच गोष्टी ठरवतात.

हा लेख स्कायवेस्ट, एन्व्हॉय, एंडेव्हर, पीएसए, रिपब्लिक यांसारख्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या फर्स्ट ऑफिसरसाठी (सहवैमानिकासाठी) आहे. एक भेद सुरुवातीलाच डोक्यात पक्का करा. काही नियम एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे) आहेत आणि ते सगळ्यांना सारखेच लागू आहेत. बाकीचे कंपनी आणि पायलट यांच्यातल्या कराराचे, म्हणजे कंपनीगणिक वेगळे. खाली जिथे ‘कायदा’ म्हटलंय तिथे एफएएचे पार्ट ११७ (पायलटांची ड्युटी आणि विश्रांती) किंवा पार्ट १२१ (एअरलाइन चालवण्याचे नियम) समजा. जिथे ‘करार’ म्हटलंय तिथे आपल्या कंपनीची प्रत उघडून आकडा तपासा. स्कायवेस्टमध्ये पायलटांची युनियन नाही, त्यामुळे तिथे कराराच्या जागी कंपनीचं धोरण-पुस्तक येतं. वापरायची पद्धत तीच. भारतातल्या कंपन्यांचे स्टँडबायचे नियम वेगळे आहेत, तिकडचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका.

१. आधी हे जवळ करा

- कराराची पूर्ण पीडीएफ, फोनमध्ये, नेट नसतानाही उघडेल अशी. त्यातले सिनियॉरिटी (नोकरीतली ज्येष्ठता), व्हेकन्सी, शेड्युलिंग, रिझर्व्ह आणि कम्यूटर धोरण (दुसऱ्या शहरातून बेसवर ये-जा, म्हणजे कम्यूट, करणाऱ्यांसाठीचं) हे भाग छापून घेतले तर उत्तम.
- ताजी सिनियॉरिटी यादी, आणि बेस, विमान व सीटनुसार (कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर) लावलेली यादी. या दोन वेगवेगळ्या असतात.
- आपल्या बेसचे मागच्या तीन-चार महिन्यांचे बिडचे निकाल.
- पार्ट ११७ चे तक्ता अ (उड्डाणाच्या तासांची मर्यादा) आणि तक्ता ब (ड्युटीच्या तासांची मर्यादा), एका पानावर.
- पायलट सर्टिफिकेट, मेडिकल, कंपनीचं ओळखपत्र, पासपोर्ट आणि एफसीसीचा रेडिओ परवाना. कॅनडा-मेक्सिकोच्या फेऱ्या असल्या तर शेवटचे दोन लागतातच. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असलेल्यांनी दोन्ही सोबत ठेवायचे.
- स्वतःच्या तासांची रोजची नोंद. कंपनीची संगणक-यंत्रणा असतेच, पण वाद निघाला की आपली नोंद कामी येते.

भारतातून चौकशी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: या नोकऱ्यांसाठी अमेरिकेत काम करण्याचा कायमस्वरूपी हक्क, म्हणजे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड, गृहीत धरलेला असतो. विद्यार्थी व्हिसावर ट्रेनिंग पूर्ण झालं म्हणजे नोकरीचा रस्ता मोकळा झाला, असं होत नाही.

२. क्लास डेट (ट्रेनिंगची तुकडी सुरू होण्याची तारीख): शक्य तितकी आधीची

सिनियॉरिटी नंबर नोकरीच्या तारखेवरून पडतो. तास किती, विमान किती सफाईने उडवता, मागच्या नोकरीत कॅप्टन होता का, याचा त्याच्याशी संबंध नाही. एकाच क्लासमध्ये लागलेल्यांचा क्रम करारातल्या नियमाने लागतो: कुठे वयाने मोठा तो वर, कुठे सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून, कुठे चिठ्ठ्या टाकून.

त्यामुळे दोन तारखांचा पर्याय मिळाला तर आधीची घ्या. घर बदलायचंय, लग्न आहे, सुट्टी हवी आहे, ही कारणं त्या क्षणी मोठी वाटतात. पण मधल्या दोन क्लासमध्ये चाळीस जण लागले, तर ते चाळीस जण तुम्ही कंपनी सोडेपर्यंत तुमच्या वरच राहतात. सुट्टी, बेस, दिवाळीची रजा, कॅप्टनची सीट, सगळ्यात.

आणि हा नंबर कंपनीबाहेर नेता येत नाही. एका रीजनलमध्ये तीन वर्षं काढून दुसरीकडे गेलात की तिथे सगळ्यात खाली. सायनिंग बोनस पाहून उडी मारणाऱ्यांनी तो बोनस किती महिन्यांच्या बांधिलकीवर आहे आणि आधी सोडल्यास किती परत द्यावा लागतो, हे वाचल्याशिवाय सही करू नये. अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीएसए आणि पिडमॉन्टमधून पुढे अमेरिकनमध्ये जाण्याची ‘फ्लो’ची रांग आहे. तीही सिनियॉरिटीनेच सरकते.

३. एकूण नंबरापेक्षा बेसमधला नंबर पाहा

कंपनीत १,८०० पायलट आहेत आणि तुमचा नंबर १,६५० आहे, एवढ्यावरून काहीच कळत नाही. कामाचा आकडा एकच: आपल्या बेसमध्ये, आपल्या विमानावर, आपल्या सीटमध्ये आपण कितवे.

समजा दोन बेस आहेत. पहिल्यात १२० फर्स्ट ऑफिसर असून तुम्ही ११२वे, दुसऱ्यात ९० असून तुम्ही ५५वे. नंबर तोच, माणूस तोच. पहिल्या बेसमध्ये वर्षभर रिझर्व्ह, दुसऱ्यात पुढच्या महिन्यापासून ठरलेली लाइन (महिन्याच्या फेऱ्यांचं पक्कं वेळापत्रक). राहायला महाग किंवा कम्यूट करायला त्रासदायक बेस सहसा ज्युनियर (कमी सिनियॉरिटीतही मिळणारे) असतात, न्यूयॉर्कचा परिसर हे नेहमीचं उदाहरण. ज्या शहरांत पायलटांनी घरं घेतली, मुलं शाळेत घातली, तिथून कोणी हलत नाही आणि ते बेस सिनियर होतात.

मराठी घरांच्या दृष्टीने यात एक सोय दडलेली आहे. बाकीचे ज्या न्यूयॉर्क-नेवार्क पट्ट्यातून बाहेर पडायला धडपडतात, तिथेच न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपास आपली मोठी वस्ती आहे. नातेवाईक तिथे असतील, स्वतःचं घर असेल, तर इतरांना नकोसा बेस तुमच्यासाठी सगळ्यात फायद्याचा ठरू शकतो. मात्र त्यात एक खोच आहे, ती पायरी ९ मध्ये.

४. बेस बिड: जे नको ते लिहू नका

कंपनी ठरावीक काळाने जागा जाहीर करते: अमुक बेस, अमुक विमान, अमुक सीट, इतक्या जागा. ज्यांनी मागणी नोंदवली आहे त्यांच्यातल्या सर्वांत सिनियरला आधी. पद्धत इतकीच, पण अडकायच्या जागा बऱ्याच आहेत.

बहुतेक ठिकाणी ‘स्टँडिंग बिड’ असतं, म्हणजे एकदा भरलेली पसंती बदलेपर्यंत यंत्रणेत तशीच राहते. इथेच सर्वाधिक लोक फसतात. ट्रेनिंगमध्ये असताना घाईत पाच बेस भरून ठेवायचे आणि विसरून जायचं. आठ महिन्यांनी घर भाड्याने घेऊन स्थिरावल्यावर तिसऱ्या पसंतीचा बेस मिळाल्याचा ईमेल येतो. मिळालेली जागा नाकारता येते का, हे करार ठरवतो, आणि बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असतं. दर महिन्याच्या बिडबरोबर स्टँडिंग बिडही उघडून पाहायची सवय लावा.

निकालाची तारीख आणि प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख वेगळी असते. जागा मिळाली म्हणून लगेच घराची नोटीस देऊ नका. विमान बदलत असेल तर ट्रेनिंगची तारीख लागेपर्यंत जुन्याच बेसवर राहावं लागतं.

नवं विमान किंवा नवी सीट घेतली की ‘सीट लॉक’ लागतो. ठरावीक महिने दुसरीकडे बिड करता येत नाही. लॉक किती महिन्यांचा आणि कोणत्या बदलाला लागतो, हे बिड करण्याआधी वाचा.

बेस लहान झाला किंवा बंद झाला तर ‘डिस्प्लेसमेंट’ येते. त्या बेसमधले सगळ्यात ज्युनियर आधी हलतात आणि आपल्या नंबराच्या जोरावर दुसऱ्या बेसमधल्या आणखी ज्युनियर माणसाची जागा घेऊ शकतात. अशा वेळी हलण्याचा खर्च मिळण्याची तरतूद करारात बहुधा असते, स्वतःहून बदली मागितली तर बहुधा नसते. त्यामुळे बेस बंद होण्याची चर्चा असताना घाईने बदली मागण्याआधी खर्चाचं कलम एकदा वाचा.

५. महिन्याचं बिड: पीबीएस

जवळजवळ सगळीकडे आता पीबीएस, म्हणजे पसंतीवर चालणारी संगणकीय पद्धत आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशाची कॅप फेरी भरली असेल तर अर्धं आधीच कळलेलं आहे: गुणवत्ता क्रमांकाच्या जागी सिनियॉरिटी, कॉलेजांच्या जागी फेऱ्या आणि सुट्ट्या. वरच्या माणसाचं पूर्ण झालं की उरलेल्यातून तुमचं. आणि चूकही तीच, न मिळणाऱ्या जागांनी यादी भरायची.

भरण्याआधी हे करा:

अ. या महिन्यात आपल्या सीटमध्ये किती लाइन आणि किती रिझर्व्ह आहेत ते पाहा.

आ. आपल्या वरचे किती जण रजेवर, ट्रेनिंगवर किंवा दीर्घ आजारी रजेवर आहेत ते वजा करा.

इ. मागच्या महिन्यात लाइन मिळालेला शेवटचा माणूस कितवा होता ते शोधा.

समजा ९० लाइन आहेत आणि तुमचा हिशेब ९७ वर येतो. मग फेऱ्यांच्या पसंतीचे चाळीस ओळींचे बिड लिहिण्यात रात्र घालवू नका. लाइनसाठी एक छोटा गट ठेवा, नशिबाने मिळालीच तर हाताशी असावा, आणि सगळी मेहनत रिझर्व्हच्या गटावर करा. नव्यांपैकी बरेच जण नेमका हाच गट रिकामा सोडतात. मग संगणक उरलेलं देतो: तुटक सुट्ट्या आणि पहाटेची वेळ.

रिझर्व्हच्या गटात मागायच्या गोष्टी तीन. सुट्ट्यांचे तुकडे कसे हवेत, सकाळची की दुपारची वेळ, आणि उपलब्ध असल्यास लाँग कॉल (रिझर्व्हचा एक प्रकार, पायरी ६ पाहा). बेसमध्ये राहणाऱ्याला चार दिवस काम-तीन दिवस सुट्टी चालून जाते. कम्यूट करणाऱ्याने सलग पाच-सहा दिवस काम मागून सुट्ट्या एकत्र करायच्या, कारण प्रत्येक तुकडा म्हणजे एक जाणं आणि एक येणं. दुपारची वेळ मिळाली तर पहिल्या दिवशी सकाळी घरून निघता येतं.

अटी मोजक्या ठेवा. ‘हे हवंच, तेही हवंच’ असं दहा वेळा लिहिलं की एकही संपूर्ण वेळापत्रक जुळत नाही आणि यंत्रणा अटी खालून सोडत वर जाते. सगळ्यात महत्त्वाची तारीख सगळ्यात वर, एकटी. निकाल लागल्यावर प्रत्येक ओळ का मिळाली किंवा का नाकारली याचा अहवाल मिळतो. तो वाचायला वीस मिनिटं लागतात आणि पुढच्या महिन्याचं बिड त्यातूनच सुधारतं. वाचणारे फार थोडे.

६. रिझर्व्हचे तीन प्रकार

एअरपोर्ट रिझर्व्ह: विमानतळावर गणवेशात बसून. कायद्याने हा वेळ सुरुवातीपासून ड्युटीतच मोजला जातो. सकाळी ६ ला बसलात आणि ११ ला विमान मिळालं, तरी ड्युटीचं घड्याळ ६ लाच सुरू झालंय.

शॉर्ट कॉल: घरी किंवा क्रॅशपॅडवर (बेसजवळ पायलटांनी मिळून भाड्याने घेतलेल्या जागेत), फोनच्या पल्ल्यात. उपलब्धतेच्या या खिडकीला सगळे ‘रॅप’ म्हणतात. कायद्याने रॅप १४ तासांपेक्षा मोठा नाही आणि दोन रॅपच्या मध्ये सलग १० तासांची विश्रांती, त्यात ८ तासांची अखंड झोपेची संधी. १४ आणि १० मिळून २४, म्हणून रोज तीच वेळ लावता येते. फोननंतर किती वेळात हजर व्हायचं हे करारात असतं, दोन तास हा नेहमीचा आकडा.

लाँग कॉल: कंपनीने वरच्या दोनपैकी काही म्हणून नेमलेलं नसेल तर कायद्याच्या दृष्टीने रिझर्व्ह म्हणजे लाँग कॉल. सूचना बहुधा १२ तासांची. लाँग कॉलवरून शॉर्ट कॉलवर टाकायचं असेल तर आधी १० तासांची विश्रांती द्यावीच लागते. ‘दोन तासांत या, तुम्हाला शॉर्ट कॉलवर घेतलंय’ असं चालत नाही.

शिवाय कुठलंही रिझर्व्ह किंवा ड्युटी सुरू होण्याआधीच्या १६८ तासांत सलग ३० तास पूर्ण मोकळे मिळालेले असले पाहिजेत. महिन्याच्या सुट्ट्यांची संख्या मात्र कराराची, साधारण ११-१२ दिवस.

७. घड्याळाचं गणित

हे पाठ असलंच पाहिजे. शेड्युलिंगचा माणूस एका वेळी शंभर जणांचा हिशेब करत असतो, संगणक बहुतेक चुका पकडतो, पण नियम मोडल्यास जबाबदारी तुमचीही असते. कंपनीने नेमू नये आणि पायलटने स्वीकारू नये, असे कायद्याचे शब्द दोघांनाही बांधतात.

शॉर्ट कॉलवर दोन मर्यादा एकाच वेळी चालतात:

- रिपोर्टच्या (ड्युटीवर हजर होण्याच्या) वेळेपासून तक्ता ब मधली ड्युटीची मर्यादा.
- रॅपच्या सुरुवातीपासून, तक्ता ब चा तोच आकडा अधिक ४ तास, किंवा १६ तास, यांतलं जे कमी ते.

दोन्ही काढायच्या, जी आधी संपते ती खरी.

पहिलं उदाहरण. रॅप पहाटे ५ पासून. फोन आला: ६:३० ला रिपोर्ट, चार लेग (चार उड्डाणं). तक्ता ब मध्ये ६:०० ते ६:५९ आणि चार लेगला १२ तास, म्हणजे संध्याकाळी ६:३० पर्यंत. दुसरी मर्यादा ५ अधिक १६, म्हणजे रात्री ९. आधीची ६:३०, तीच धरायची.

दुसरं. रॅप तोच, पण रिपोर्ट दुपारी १:३० ला, चार लेग. तक्त्यात १२ तास, म्हणजे रात्री १:३० पर्यंत चालेल असं वाटतं. पण १२ अधिक ४ म्हणजे १६, आणि रॅपपासून १६ तास म्हणजे रात्री ९. तिथे थांबायचं. साडेसात तासांत चार लेग आणि मधले टर्न (विमान उतरून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ) बसतात का, हे फोनवरच विचारा.

तिसरं, आणि इथे बहुतेक जण चुकतात. रॅप दुपारी २ पासून, रिपोर्ट रात्री १०:३०, तीन लेग. तक्त्यात १० तास. १० अधिक ४ म्हणजे १४, हे १६ पेक्षा कमी, म्हणून १४ धरायचे. दुपारी २ पासून १४ तास म्हणजे पहाटे ४. सरसकट १६ धरून सकाळी ६ म्हणणारे बरेच भेटतील.

उड्डाणाआधी अनपेक्षित अडचण आली तर कॅप्टन आणि कंपनी दोघांच्या संमतीने या मर्यादा २ तासांपर्यंत वाढवता येतात. तो योजनेचा भाग नव्हे: फोनवरच ‘वाढवून घेऊ’ म्हणत असतील तर फेरी मुळातच बसत नाही. प्रत्यक्ष उड्डाणाची मर्यादा वेगळी, तक्ता अ: रिपोर्ट ५:०० ते १९:५९ दरम्यान असेल तर ९ तास, एरवी ८.

८. फोन आला की

१. वेळ लिहून घ्या. फोन कधी आला, कोणी केला.

२. फेरी क्रमांक, रिपोर्टची वेळ, विमानतळ, लेग, किती दिवस. सुट्टीच्या दिवसात घुसते का पाहा. घुसत असेल तर करारात त्याला काय मोबदला किंवा अट आहे ते विचारा.

३. वरचं गणित करा. शंका असेल तर ‘मला दोन मिनिटं द्या, तपासून सांगतो’ म्हणा. यात कोणी रागवत नाही.

४. होकार दिल्यावर वेळापत्रकात नोंद दिसते का पाहून स्वीकारा.

५. फेरी संपल्यावर विश्रांतीवर सोडलं की पुन्हा रॅपवर, हे विचारल्याशिवाय विमानतळ सोडू नका.

विश्रांतीच्या काळात फोन उचलण्याचं बंधन नाही. विश्रांतीची कायद्यातली व्याख्याच सर्व बंधनांतून मुक्त असा काळ अशी आहे. उलट रॅपमध्ये फोन चुकवणं ही नोंदीतली गैरहजेरी ठरू शकते. म्हणून जिम, तळघर, थिएटर, पोहण्याचा तलाव, इथे रेंज येते का हे आधीच पाहून ठेवा. दारूबाबत कायदा ८ तासांचा आहे, कंपन्या बहुधा १२ मागतात. शॉर्ट कॉलच्या आदल्या संध्याकाळपासूनच हिशेब सुरू करा.

कोणाला आधी बोलावतात? बहुतेक करारांत उरलेल्या दिवसांवरून गट पाडतात: तीन दिवसांची फेरी तीन दिवस शिल्लक असलेल्याला. त्या गटात मग क्रम कराराप्रमाणे. आपण आज कोणत्या गटात आणि वर किती जण, हे रोज सकाळी पाहिलं की दिवसाचा अंदाज येतो. उन्हाळ्यात ओहेअर, डॅलस, शार्लटसारख्या हबवर दुपारी गडगडाटी पाऊस आला की दुपारचे रॅप रिकामे होतात. महिनाअखेरीला लाइनवाले तासांच्या मर्यादेजवळ येतात तेव्हाही.

९. राहायचं कुठे, यायचं कसं

रिझर्व्हवर असताना बेसमध्ये राहणं ही सर्वांत मोठी पगारवाढ आहे, असं आमचं स्पष्ट मत. शॉर्ट कॉलचे दिवस आपल्या घरात, आपल्या अंथरुणात जातात, आणि फोन आलाच नाही तर तो दिवस बहुतांशी तुमचाच. महिन्याच्या पगाराची हमी, साधारण ७५ तासांच्या आसपास, तशीही मिळते. त्या हमीच्या आत उडालेल्या तासांचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

एडिसनवाल्यांसाठीची खोच ही: काही बेस ‘को-टर्मिनल’ असतात, म्हणजे एकाच बेसमध्ये दोन-तीन विमानतळ. तुम्ही नेवार्क डोळ्यांपुढे ठेवून घर घेता आणि फोन येतो ला ग्वार्डिया किंवा जेएफकेचा. संध्याकाळी पूल ओलांडून, कर्मचारी पार्किंगची बस धरून, सुरक्षा तपासणी पार करून दोन तासांत पोचणं ही हमी देण्यासारखी गोष्ट नाही. को-टर्मिनलला जास्तीचा वेळ मिळतो का, पार्किंग दोन्हीकडे मिळते का, हे कराराच्या भाषेत शोधा. मग गर्दीच्या वेळी एकदा गाडी चालवून पाहा.

कम्यूट करणाऱ्यांना क्रॅशपॅड लागतो. ‘हॉट बेड’ म्हणजे मोकळा असेल तो पलंग, ‘कोल्ड बेड’ म्हणजे स्वतःचा ठरलेला. लाइन असेल, महिन्याला दोन-तीन रात्री लागत असतील, तर हॉट बेड पुरतो. रिझर्व्हवर, पहाटेच्या रॅपला, स्वतःचाच पलंग घ्या. त्या पैशांत काटकसर करू नका.

जंपसीटसाठी (कॉकपिटमधल्या जादा जागेवर बसून कम्यूट करण्यासाठी) ओळखपत्र, सर्टिफिकेट आणि मेडिकल जवळ हवं. दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसायचं तर गेटवर ‘कॅस’ या ओळख पडताळणाऱ्या यंत्रणेत तुमचं नाव दिसलं पाहिजे, आणि नव्या माणसाचं नाव पहिल्या दिवसापासून तिथे असतंच असं नाही. कॅप्टनला स्वतः भेटून परवानगी मागायची, जागा मिळो न मिळो आभार मानायचे.

कम्यूटर धोरण बहुधा असं असतं: वेळेवर पोचवणाऱ्या दोन फ्लाइटचा प्रयत्न केल्याचं दाखवलं तर शिक्षा नाही. ते रिझर्व्हला लागू आहे का, हे वेगळं तपासा. दोन्ही फ्लाइटच्या मोकळ्या जागांचे स्क्रीनशॉट वेळेसह ठेवा. शेवटची फ्लाइट ही योजना नव्हे.

झोपेचं गांभीर्य कुठून आलं हे माहीत असावं. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरची ३४०७ ही फ्लाइट बफेलोजवळ पडली, ५० माणसं गेली. नेवार्कहून निघालेलं विमान, दोन्ही पायलट लांबून कम्यूट करणारे. फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून सिएटलहून आली होती. अपघाताचं मुख्य कारण स्टॉलच्या (पंखांची उचल हरवण्याच्या) इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरलं, पण थकव्याचा प्रश्न त्या चौकशीतून ठळकपणे पुढे आला. पार्ट ११७ आणि फर्स्ट ऑफिसरलाही लागणारी १,५०० तासांची अट त्यानंतरची. आज प्रत्येक फ्लाइटआधी ‘मी ड्युटीसाठी तंदुरुस्त आहे’ असं तुम्ही स्वतः नोंदवता. जंपसीटवरचा प्रवास ड्युटीत मोजत नाहीत, पण शरीर मोजतं.

१०. १०० तास, १२० दिवस

हा सापळा रिझर्व्हवरच्या नव्या फर्स्ट ऑफिसरसाठीच बनवल्यासारखा आहे. कायद्याने सिम्युलेटरमधल्या अंतिम चेकपासून १२० दिवसांत लाइनवर (इथे अर्थ: एअरलाइनच्या प्रत्यक्ष फ्लाइटवर) १०० तास उडायचे असतात. घड्याळ चेकच्या दिवशी सुरू होतं, ऑपरेटिंग एक्स्पीरियन्स (चेक एअरमनच्या देखरेखीखालच्या सुरुवातीच्या फ्लाइट) संपल्यावर नव्हे. चेक एअरमन (नव्यांना तपासणारा अनुभवी पायलट) मिळेपर्यंत तीन आठवडे गेले तर ते तुमच्याच खात्यातून गेले.

त्यात आणखी अडचण अशी की तुमचे विमानावरचे ७५ तास होईपर्यंत तशाच नव्या कॅप्टनबरोबर तुम्हाला बसवता येत नाही, दोघांपैकी एकाचे तरी ७५ हवेत. शिवाय तुमचे १०० होईपर्यंत १५ नॉटपेक्षा जास्त क्रॉसविंड, पाऊण मैल किंवा कमी दृश्यता, ओला किंवा बर्फाळ रनवे अशा स्थितीत टेकऑफ-लँडिंग कॅप्टननेच करायचं. त्यामुळे शेड्युलिंगला तुमच्यापेक्षा दुसरा माणूस सोयीचा वाटू शकतो, आणि तुम्ही क्रॅशपॅडवर तसेच बसून राहता.

करायचं काय: चेकच्या दिवशीच १२०वा दिवस कॅलेंडरवर लिहा. ६०व्या दिवशी तास ४०च्या खाली असतील तर चीफ पायलटच्या कार्यालयाला आणि ट्रेनिंग विभागाला लेखी कळवा, फोनवर नव्हे. जास्त उडणारं रॅप मागा, मोकळ्या फेऱ्या घेता येत असतील तर घ्या. १२०व्या दिवसापर्यंत उजळणीचं ट्रेनिंग किंवा चेक एअरमनच्या देखरेखीखालची फ्लाइट झाली तर मुदत १५० दिवसांपर्यंत वाढवता येते. ती तजवीज शेवटच्या आठवड्यात होत नाही. मुदत हुकली तर पुन्हा ट्रेनिंग.

१०० झाले तरी ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट राहतेच. शांत महिन्यांत तिच्यावरही लक्ष ठेवा.

११. कॅप्टनचं बिड कधी

कायद्याने पार्ट १२१ मधल्या कॅप्टनला, नेहमीच्या मार्गाने, पार्ट १२१ मध्येच फर्स्ट ऑफिसर म्हणून १,००० तास लागतात. रिझर्व्हवर महिन्याला ४० तास उडालात तर २५ महिने. लाइनवर ८० तास मिळाले तर साधारण साडेबारा. म्हणून पायरी ३ मधला बेसचा निर्णय फक्त सुट्ट्यांपुरता नाही.

तास पूर्ण झाले की लगेच कॅप्टन व्हावं का? पगार वाढतो, कॅप्टनचे तास साठू लागतात, आणि तुम्ही पुन्हा तळाशी जाता: बहुधा ज्युनियर बेस, पुन्हा शॉर्ट कॉल. आधी ते बेस कोणते ते पाहा. फर्स्ट ऑफिसर म्हणून घरी राहून मिळणारी लाइन आणि कॅप्टन म्हणून कम्यूट करून काढायचं रिझर्व्ह, यांचा खर्च कागदावर मांडा: क्रॅशपॅड, हॉटेल, घराबाहेरच्या रात्री. मेजर एअरलाइनमध्ये जायची घाई असलेल्याने सीट घ्यावी. घरात लहान मूल असेल आणि बेस दूरचा असेल तर सहा-आठ महिने थांबण्यात काही बिघडत नाही, तुमच्या खाली भरती चालू असेल तर बेसमधलं स्थान तोवर सुधारतंच.

बिड टाकण्याआधी तीन कलमं वाचून ठेवा: सीट लॉकचा काळ, अपग्रेड ट्रेनिंगमध्ये नापास झाल्यास जुन्या सीटवर परत येता येतं का, आणि त्या ट्रेनिंगच्या महिन्यांत हमी किती. आणि नव्या कॅप्टनला त्या विमानावर १०० तास होईपर्यंत लँडिंगचे मिनिमम्स (किमान उंची आणि दृश्यता) १०० फूट आणि अर्धा मैल वर धरावे लागतात, त्यामुळे धुक्याच्या सकाळी शेड्युलिंग तुम्हाला बाजूला ठेवून दुसऱ्याला फोन करेल, ते मनावर घेऊ नका.